भिंतीवरचा मुद्देमाल

वाट पाहणे मोजता येते, असे मी सांगितले की लोक हसतात. त्यासाठी सरकार मला पगार देते, असे सांगितले की गप्प होतात. संख्याशास्त्राची एम.एस्सी. पदवी हाती आली तेव्हा माझ्यापुढे दोन रस्ते होते, एक महाविद्यालयात शिकवण्याचा आणि दुसरा लग्नाचा. सरकारच्या एका नव्या पाहणी-विभागाने तिसरा काढला. फौजदारी न्यायालयांत माणसांना किती थांबावे लागते आणि का, याची मोजदाद त्यांना हवी होती. मी अर्ज केला, निवडले गेले, आणि आमच्या संचालकांनी मला पुण्याबाहेर, दापोडी आणि कासारवाडी यांच्या दरम्यान, मुंबई रस्त्यालगतच्या एका जुन्या धर्मशाळेत भरणाऱ्या न्यायालयात धाडले.

"तिकडे कारखाने येऊ घातले आहेत," संचालक म्हणाले. "माणसे वाढतील, माणसांबरोबर गुन्हे वाढतील आणि गुन्ह्यांबरोबर प्रतीक्षा वाढेल. तुम्ही तिला वाढताना पकडा."

हे वाक्य माझ्या महत्त्वाकांक्षेला फार आवडले. आईने मात्र नातेवाइकांना एवढेच कळवले की मुलगी हल्ली रोज कोर्टात जाते. त्यावर एका स्थळाकडून नम्र निरोप आला की, तारखा संपल्या म्हणजे बोलू.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करते. न्यायालयातील प्रतीक्षा दोन प्रकारची असते. गुन्हा घडल्यापासून निकाल लागेपर्यंतची लांब प्रतीक्षा कागदांवरून काढता येते. दुसरी एका दिवसातली. समन्सावर 'सकाळी अकरा' असे लिहिलेले असते, माणूस अकराला हजर होतो, आणि मग पट्टेवाला दारात येऊन त्याच्या नावाचा पुकारा करीपर्यंत बसून राहतो. ही प्रतीक्षा कुठल्याच कागदावर उमटत नाही. ती जागेवर जाऊन डोळ्यांनीच मोजावी लागते. ते माझे काम होते. आलेल्या प्रत्येकाचे मी वर्गीकरण करी: आरोपी, फिर्यादी, साक्षीदार, जामीनदार, पोलीस आणि इतर.

न्यायालयात आरोपी नसलेल्या आणि वकीलही नसलेल्या स्त्रीने कोठे बसावे, याविषयी कोणताच नियम नव्हता. न्यायालयाचा सगळा कारभार पाहणाऱ्या शिरस्तेदारांनी तपकिरीची चिमूट ओढून विचार केला आणि माझे टेबल व्हरांड्यात मांडले. व्हरांड्यातून मला रस्ता दिसे, चिंचेचे झाड दिसे, येणारे-जाणारे दिसत. न्यायालयाचा आतला भाग मात्र दिसत नसे. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा.

पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलापुढे रांग लागली. हातात घड्याळ धरून बसलेली बाई म्हणजे नंबर देणारी, असा लोकांचा समज झाला होता. मी नंबर देत नाही, असे सांगितले की ते म्हणत, मग आधी ज्यांना दिलात त्यांनाच का? शेवटी मी सगळ्यांची नावे आल्या क्रमाने टिपून घेऊ लागले, कारण नाहीतरी मला ती हवीच होती, आणि लोक समाधानाने चिंचेखाली जाऊन बसू लागले. पुकारा अर्थातच वेगळ्याच क्रमाने होई. पण माझ्याकडे नंबर लावल्याने खटला लवकर निघतो, ही श्रद्धा मला शेवटपर्यंत मोडता आली नाही.

सांगवीचे एक आजोबा दर महिन्याला येत आणि संध्याकाळपर्यंत बसून जात. त्यांच्या नावाचा पुकारा कधीच होत नसे. मी चौकशी केली तेव्हा कळले की त्यांचा बांधावरच्या मारामारीचा खटला केव्हाच निकाली निघाला होता, आणि ते निर्दोष सुटले होते. ते त्यांना कोणीतरी सांगितलेही असावे, पण पुढची तारीख नाही असे कोणी सांगितले नव्हते. मी ते सांगितले तेव्हा आजोबांचा चेहरा उतरला. "मंग आता म्हयन्याच्या म्हयन्याला आमी जायाचं कुठं?" त्यांनी विचारले. ज्या आठ जणांनी त्यांना मारले होते त्यांच्यावरचा खटला अजून चालू होता, ते सगळे तारखेलाच भेटत, आणि आता त्यांचे चांगले जमले होते. मी त्यांना 'इतर' या वर्गात घातले. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले.

नरहरी घड्याळजींचा वर्ग 'आरोपी' होता. दापोडीच्या रेल्वे फाटकाजवळ त्यांचे दुकान होते. चाकणच्या एका कांद्याच्या अडत्याने दुरुस्तीला दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांनी परत न देता स्वतःकडे ठेवून घेतले, असा आरोप होता. पंचेचाळिशीचा, बारीक मिशांचा, कमालीचा फटकळ माणूस. जगातल्या प्रत्येक विषयावर ते बोलत. स्वतःच्या खटल्यावर मात्र नाही, कारण सरकारी माणसांपुढे त्या घड्याळाचा 'घ' काढायचा नाही, अशी त्यांच्या वकिलाने ताकीद दिली होती. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी थांबले आणि माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाले, "बाई, तुमचं घड्याळ अर्धं मिनिट पुढं आहे."

मी जरा ताठ होऊन सांगितले की मी ते रोज पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या भोंग्याला लावते.

"मग भोंगाही पुढं आहे," ते शांतपणे म्हणाले आणि चिंचेखाली निघून गेले.

त्या भोंग्याशी त्यांचा संबंध लवकरच आणखी गुंतागुंतीचा झाला. कारखान्याला सगळी घड्याळे आणि भोंगा सांभाळायला टाइमकीपर हवा होता. नरहरींनी परीक्षा दिली आणि पहिले आले. दुकान तोवर बसलेच होते. घड्याळ गिळल्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्याच्याकडे दुरुस्तीला घड्याळ कोण देणार? नेमणुकीला एकच अट राहिली होती. मार्गशीर्षातल्या एका ठरावीक दिवशी दुपारी बारा वाजता उमेदवारांची यादी कायम होणार होती, आणि त्या क्षणी उमेदवारावर कोणताही फौजदारी खटला चालू असता कामा नये. नरहरींनी हे मला सांगितले तेव्हा श्रावण चालू होता. त्यांच्या हातात चार महिने होते, आणि खटला साध्या तीन साक्षींचा होता.

माझे काम इकडे जोरात चालले होते. समन्सावरची अकराची वेळ आणि दिवसाचा पहिला पुकारा यांतले अंतर मी रोज आलेखावर मांडत होते. पहिल्या आठवड्यात ते तासाभराचे होते. न्यायालयांविषयी जे ऐकले होते त्या मानाने हे काहीच नव्हते. पण ते वाढत होते. दर आठवड्याला, अगदी सारख्या मापाने, ते वाढतच होते. संचालकांना मी अंतरिम टिपण पाठवले, तेव्हा त्यांचे कौतुकाचे पत्र आले. औद्योगिक वाढीबरोबर न्यायदानातील विलंब कसा चढतो, याचे इतके स्वच्छ चित्र त्यांनी कुठेच पाहिले नव्हते.

मला तेच खटकू लागले होते. चित्र फार स्वच्छ होते. माणसांची गर्दी कधी एका रेषेत वाढत नाही. ती बाजाराच्या दिवशी फुगते, पेरणीच्या दिवसांत ओसरते. माझे बिंदू पट्टी लावून काढल्यासारखे एका रेषेवर बसत होते. त्यातच दिवाळीची सुट्टी आली. न्यायालय आठवडाभर बंद राहिले. ना खटले, ना साक्षीदार, ना गर्दी. सुट्टीनंतर न्यायालय उघडले त्या दिवशी मी बिंदू मांडला, आणि तो रेषेवर बरोबर आठवडाभर पुढे जाऊन बसला.

म्हणजे विलंबाने सुट्टी घेतली नव्हती. जी गोष्ट माणसे नसतानाही वाढते, तिचे कारण माणसांत असू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीवरून उठले, आणि तीन महिन्यांत प्रथमच न्यायालयाच्या आत जाऊन उभी राहिले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या खुर्चीच्या बरोबर वर, काळ्या लाकडाचे, लंबकाचे एक सुंदर घड्याळ टिकटिकत होते. त्यात साडेआठ वाजले होते. माझ्या मनगटावर अकरा.

मी शिरस्तेदारांना ते दाखवले. त्यांनी वळूनही पाहिले नाही.

"अडीच तास मागे आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

मग त्यांनी मला समजावून सांगितले, आणि मी उभ्या उभ्या ऐकले. न्यायालयाचे सरकारी घड्याळ वैशाखात बिघडले. नवे मागवले, ते अजून यायचे होते. त्याच सुमारास पोलिसांनी नरहरींच्या दुकानातून अडत्याचे घड्याळ जप्त करून आणले. पंचनाम्यात लिहिले होते, 'घड्याळ चालू स्थितीत.' आता मुद्देमाल, म्हणजे पुराव्याची जप्त वस्तू, ज्या स्थितीत मिळाली त्याच स्थितीत राखणे हे न्यायालयाचे कर्तव्य. पेटीत ठेवले तर घड्याळ बंद पडणार. बंद पडले तर पुराव्यात फेरफार झाला म्हणून आरोपीचा वकील ओरडणार. म्हणून शिरस्तेदारांनी ते भिंतीवर लावले आणि दर सोमवारी किल्ली द्यायचे काम पट्टेवाल्या बापूवर सोपवले. टोल्यांची हातोडी तेवढी दुकानात सुटी काढून ठेवलेली सापडली होती, म्हणून ती वेगळ्या पुडक्यात मोहोरबंद होती. त्यामुळे घड्याळ मुके होते, आणि व्हरांड्यात मला त्याचा पत्ता लागला नव्हता.

"पण ते रोज मिनिटभर मागे पडतंय. काटे पुढे का करत नाही?"

शिरस्तेदारांनी माझ्याकडे, लहान मूल देवघरात चपला घालून आल्यावर पाहावे तसे पाहिले. "किल्ली देणं म्हणजे जतन," ते म्हणाले. "काटा फिरवणं म्हणजे फेरफार."

न्यायालयाची वेळ म्हणजे न्यायालयाच्या भिंतीवरची वेळ, हा तिथला जुना दंडक होता. भिंतीवर अकरा वाजले की कामकाज सुरू. तोवर साहेब आपल्या खोलीत निकाल लिहीत, डबा खात. कामकाज केव्हा संपवावे याला मात्र नियम नव्हता, ते साहेबांच्या मर्जीवर होते. त्यांना पाचच्या सुमाराची पुण्याची पॅसेंजर धरायची असे, आणि पॅसेंजर मुद्देमालाच्या घड्याळावर चालत नव्हती. म्हणजे दिवसाचे एक टोक रोज मिनिटभर पुढे सरकत होते आणि दुसरे जागच्या जागी होते. पाणी आटत चाललेल्या विहिरीसारखे न्यायालय तळाकडे चालले होते.

"मग नरहरींचा खटला निकाली काढा," मी म्हणाले. "घड्याळ मोकळं होईल."

"अहो, मुद्देमालाचे खटले दुपारच्या सुट्टीनंतर चालतात," शिरस्तेदार म्हणाले. "मुद्देमालाची खोली दिवसातून एकदाच उघडतो आम्ही. सुट्टी दोन वाजता."

भिंतीवर दोन वाजत तेव्हा बाहेर साडेचार झालेले असत. अर्ध्या तासाची सुट्टी संपेपर्यंत साहेब स्टेशनावर असत. सगळ्या तालुक्यात जो एकच खटला घड्याळाला सोडवू शकत होता, तो त्या घड्याळामुळेच कधी निघणार नव्हता.

मी व्हरांड्यात परत आले. नरहरी चिंचेखाली बसले होते, आणि त्यांची नजर दरवाजातून आत, भिंतीवर लागली होती. प्रथमच माझ्या लक्षात आले की हा मनुष्य दर तारखेला त्याच जागी बसत असे, जिथून ते घड्याळ दिसे. त्यांनीही ओळखले की मला कळले आहे. वकिलाची ताकीद विसरून ते हळूच म्हणाले, "लंबकाखाली एक चाक आहे, बाई. अर्धा फेरा दिला की झालं. मी साहेबांना अर्ज केला होता. आरोपीने मुद्देमालाला हात लावायचा नाही म्हणाले." मग म्हणाले, "दर तारखेला बघवत नाही."

नोकरीविषयी ते काही बोलले नाहीत. यादी कायम होण्याला महिना उरला होता.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा खाताना मला उत्तर सुचले. ते इतके साधे होते की मी पोळी तशीच टाकून शिरस्तेदारांकडे गेले. मुद्देमालाचे खटले दुपारनंतर का? कारण मुद्देमालाची खोली दुपारी उघडते. पण या खटल्याचा मुद्देमाल खोलीत आहे का? तो तर सकाळपासून न्यायालयात हजर असतो, साहेबांच्याही आधी. मग हा खटला सकाळच्या यादीत घेण्याला आड काय येते?

शिरस्तेदारांनी तपकीर ओढली. दुसऱ्यांदा ओढली. "हातोडीचं पुडकं?" त्यांनी विचारले.

"ते एक पुडकं आदल्या दिवशी काढून ठेवता येईल."

"काढून ठेवता येईल," ते कबूल झाले. मग भिंतीकडे पाहून, बऱ्याच आदराने म्हणाले, "मुद्देमाल हजर आहे खरा."

त्यांनी तारीख दिली ती नेमकी यादी कायम होण्याच्या दिवसाची. त्याआधीची एकही सकाळ मोकळी नव्हती.

नरहरींच्या वकिलाने एवढ्यावर न थांबता मला साक्षीला बोलावले. चार महिने त्या घड्याळाचा मागे पडण्याचा वेग मोजणारी दुसरी व्यक्ती तालुक्यात नव्हती. संचालकांनी कडक पत्र लिहिले की निरीक्षकाने निरीक्षणाचा विषय होणे शास्त्राला धरून नाही. ते खरेच होते. मी त्या दिवशी सकाळी स्वतःचे नाव 'साक्षीदार' या वर्गात लिहिले, आल्याची वेळ टिपली आणि इतरांसारखी व्हरांड्यात बसून राहिले.

चाकणचे अडते धोंडिबाअण्णा आधीच आले होते. पांढरे मुंडासे, भारदस्त आवाज. ते आणि नरहरी चिंचेखाली एकमेकांकडे पाठ करून बसले होते. अण्णांनी मला विचारले की बाई, तुमी कुनाच्या बाजूनं? मी म्हटले, घड्याळाच्या. अण्णा म्हणाले, "आमी बी."

बारा वाजता पिंपरीचा भोंगा झाला. नरहरींनी खिशातले घड्याळ काढून पाहिले, झाकण मिटले आणि परत ठेवले. न्यायालयाचे कामकाज अजून सुरूसुद्धा झाले नव्हते. आत, भिंतीवर, नुकतेच नऊ वाजत होते. आता कशाला थांबायचं, असे त्यांनी वकिलाला विचारले. वकील म्हणाले, आरोपी गेला तर वॉरंट निघतं. तेव्हा ते बसले. मी माझ्या तक्त्यात पाहिले. त्यांच्या नावापुढच्या सगळ्या प्रतीक्षेची आता काहीच किंमत राहिली नव्हती, आणि ती अजून चालूच होती.

भिंतीवर अकरा वाजल्यावर पहिला पुकारा त्यांचाच झाला.

धोंडिबाअण्णांची साक्ष सरळ होती. घड्याळ वडिलांच्या वेळचे. बंद पडले, दुरुस्तीला दिले. मुलीच्या लग्नाला मुहूर्तावर ते मांडवात लावायचे होते. चार वेळा चाकणहून आले. चारही वेळा घड्याळ दुकानाच्या भिंतीवर टिकटिक चाललेले, आणि हा म्हणे, अजून झाले नाही. शेवटी मुहूर्ताची वेळ मोजायला भटजींनी घंगाळात घटिकापात्र सोडले. "जावयाकडची मंडळी हसली आमाला," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "घड्याळ ब्येस चाललं व्हतं, साहेब. त्यानं सोताच्या दुकानात मिरवाय ठिवलं."

नंतर मी पिंजऱ्यात उभी राहिले. आलेख साहेबांपुढे ठेवला आणि सांगितले की हे घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडते, आणि मी मोजू लागल्यापासून आजवर त्यात खंड नाही.

पोलिसांच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. घड्याळ मागे आहे हे कशावरून? माझ्या घड्याळावरून. माझे बरोबर कशावरून? भोंग्यावरून.

"भोंग्याची साक्ष झाली आहे काय?"

नाही झाली, असे मी म्हणाले. पण भोंगाही नको असेल तर सूर्य आहे. दुपारी सावली सर्वांत आखूड होते ती वेळ बाहेर काठी रोवून काढता येईल.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "सूर्याला समन्स काढण्याची तरतूद नाही," ते म्हणाले. "पुढे चला."

पोलिसांचे वकील पुढे चालले. हे घड्याळ रोज मिनिटभर मागे पडते असे साक्षीदार म्हणतात. पण दुकानात ते उत्तम चालत होते, असे फिर्यादी म्हणतात. तेव्हा बिघाड झालाच असेल तर तो नंतरचा. जप्तीच्या वेळी घड्याळ निर्दोष होते आणि आरोपीने निर्दोष घड्याळ दाबून ठेवले. त्यांचा मुद्दा पक्का होता. माझा आलेख जप्तीनंतरचा होता. जप्तीच्या आधीविषयी मला एक अक्षर बोलता येत नव्हते. मी ते कबूल केले. नरहरींच्या वकिलांनी डोळे मिटले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "रोज एक मिनिट? माझ्या भिंतीवर?"

नरहरी उभे राहिले होते. वकिलांनी त्यांचा कोट ओढला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. इतके महिने गिळलेले सगळे एकदम वर आले. ते म्हणाले की त्यांच्या दुकानात हे घड्याळ आठवड्याला मिनिटभर मागे पडत होते, याहून एक क्षण जास्त नाही. रोज मिनिटभर मागे पडणारे घड्याळ नरहरी घड्याळजीच्या भिंतीवर राहूच शकत नाही. इथे ते कोणी तिरके टांगले आहे ते पाहा, लंबक एका बाजूला लंगडतो आहे, बापूने जन्मात कधी ओळंबा पाहिला आहे काय?

बापूने भिंतीकडे पाहिले. साहेबांनी हळूच विचारले, "म्हणजे तुमच्याकडे असतानाही ते मागे पडत होतं?"

"पडत होतं म्हणूनच दिलं नाही, साहेब. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ मी मुहूर्ताला देऊ?"

धोंडिबाअण्णांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. "आरं, मंग आसं सांगायचं न्हाई व्हय?" ते म्हणाले. नरहरी म्हणाले की चार वेळा सांगितले होते, अजून झाले नाही म्हणून. याहून वेगळे काय सांगायचे असते?

साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. दुरुस्ती पुरी न झालेली वस्तू कारागिराने राखून ठेवण्यात लबाडीचा हेतू दिसत नाही, आरोपी निर्दोष. शिरस्तेदारांनी टाक उचलला, वर भिंतीकडे पाहिले आणि रोजच्या कामकाजाच्या नोंदीत संथ अक्षरात लिहिले: 'आरोपीस अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दोषमुक्त केले.'

माझ्या मनगटावर पावणेतीन व्हायला आले होते.

हे माझ्या आणि नरहरींच्या लक्षात एकाच वेळी आले. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे बारा वाजता त्यांच्यावर खटला नव्हता. मला आनंद झाला. त्यांचा चेहरा मात्र दुखऱ्या दाढेला जीभ लागल्यासारखा झाला. "साहेब," ते म्हणाले, "ती वेळ चुकीची—"

"तुम्ही आता आरोपी नाही," साहेब थंडपणे म्हणाले, "त्यामुळे तुम्हाला या न्यायालयात बोलण्याचा अधिकार राहिलेला नाही."

वकिलांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेले. शिरस्तेदारांनी नोंदीचा दाखला लिहून शिक्का मारून दिला. नरहरी तो हातात घेऊन बराच वेळ सायकलजवळ उभे राहिले आणि मग पिंपरीच्या दिशेने गेले. मी माझ्या पुकाऱ्याची वेळ तक्त्यात भरली. साक्षीदारांच्या वर्गात त्या दिवशीची सर्वांत लांब प्रतीक्षा माझी नव्हती, याचे मला किंचित वाईट वाटले.

अपिलाची मुदत टळल्यावर घड्याळ धोंडिबाअण्णांना परत मिळाले आणि योगायोगाने त्याच आठवड्यात सरकारी घड्याळही आले. दुसऱ्या दिवशी न्यायालय खरोखरीच्या अकराला भरले. बापूने पुकारा सुरू केला आणि व्हरांड्यात कोणीही नव्हते. माणसे एव्हाना शहाणी झाली होती. जेवून, वामकुक्षी करून, दोनच्या पुढे येत असत. साहेबांनी सगळ्यांच्या नावे वॉरंटे काढली. चिंचेखाली फक्त सांगवीचे आजोबा होते. माझ्या तक्त्यात त्या दिवसाचा विलंब शून्य आहे. तक्ता वाचून संचालकांनी समासात 'उल्लेखनीय' असे लिहिले.

नरहरींचे काय झाले ते मला कळले नव्हते. दुकानाला कुलूप होते. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे मनगटावर नजर ठेवून पिंपरीच्या भोंग्याची वाट पाहत होते. काटा जागेवर आला. भोंगा झाला नाही. मी थांबले. अर्ध्या मिनिटाने तो झाला.

रविवारी मी कारखान्याच्या फाटकाशी गेले. नरहरी बाहेर आले, अंगात खाकी कोट. फाटकाबाहेर बैलगाडी उभी होती आणि धोंडिबाअण्णा धोतरात गुंडाळलेले घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. नरहरी त्यांना म्हणत होते की अजून महिना लागेल. आणि अण्णा म्हणत होते, घ्या की मग, आता कुठं लगीन हाय?

त्या दिवशी कारखान्याच्या साहेबांना काय सांगितले, असे मी नरहरींना विचारले. ते म्हणाले, खरे तेच सांगितले. की दाखल्यावर अकरा चाळीस आहे, पण खरी वेळ पावणेतीन होती. साहेब चक्रावले. म्हणाले, तुमची वेळ धरली तर तुम्ही बाद होता आणि कोर्टाची धरली तर लागता. कुठली धरू?

"मग?"

"मी म्हटलं, दाखल्यापुरती कोर्टाची धरा, साहेब. भोंग्याला माझी."

दापोडीपासून चिंचवडपर्यंत आता सगळे पूर्वीपेक्षा अर्धे मिनिट उशिरा कामाला लागतात. त्यांचे बरोबर होते की आधीच्या भोंग्याचे, हे काठी रोवून मला सहज काढता आले असते. मी ते काढले नाही. फाटकातून परत वळताना मी माझे घड्याळ अर्धे मिनिट मागे केले, एवढेच.